खुसपट काढणारे तात्या

आमचे तात्या ओळखीतल्या लग्नाला गेले नाहीत तर कुणाला काही वाटत नाही. पण जवळपास कुणाचा दहावा असला आणि तात्या दिसले नाहीत, तर लोक त्यांच्या तब्येतीची चौकशी करतात.

गेलेला माणूस ओळखीचा असलाच पाहिजे, अशी त्यांची अट नाही. आमच्याकडे दहाव्याला नदीकाठी विधी होतो, एखादे महाराज प्रवचन करतात आणि मग श्रद्धांजलीची भाषणं सुरू होतात. कावळा शिवायचा असतो, माणसं जमलेली असतात, माइक चालू असतो. एवढं सगळं जुळून आल्यावर भाषण न करता राहणं आमच्या भागातल्या माणसाला जड जातं. तात्या जातात ते ही भाषणं ऐकायला. रसिक माणूस नाटकाला जातो तसे. पांढराशुभ्र शर्ट, खिशात बडीशेप, हातात पाण्याची बाटली. मांडववाल्याच्या आधी पोहोचतात आणि कर्ण्यापासून बेताच्या अंतरावर, दुसऱ्या रांगेच्या कडेला बसतात. पहिल्या रांगेत बसत नाहीत. तिथं पुढारी बसतात, आणि पुढारी कानात बोलतात म्हणून ऐकू येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

तात्या माझे थोरले चुलते. आमचं घर निमगाव केतकीत. मला मात्र बारामतीच्या इंग्लिश मीडियमच्या शाळेत घातलं, आणि सोयीचं म्हणून शहरालगतच्या जळोचीत तात्या-काकूंकडे ठेवलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी पहिलीत तिथं गेले ती नोकरी लागली तरी तिथंच आहे. त्यामुळे हे सगळं मी जवळून पाहिलेलं आहे. बोलत फारशी नाही, त्यामुळे बरंच पाहून होतं.

तात्या बारामतीच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. वाहतुकीवर त्यांचं नियंत्रण किती होतं ते सांगता येत नाही, पण माइक त्यांच्या ताब्यात होता. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी कुठली गाडी कुठं लागली ते सांगितलं, आणि त्यातून त्यांचं भाषणाचं शास्त्र तयार झालं.

"गाडी कुठली, कुठवर जाणार, मधी कुठं थांबणार," ते बोटांवर मोजत सांगतात. "एवढ्यात समदं आलं. माणसाचंबी तसंच हाय. कुठला हुता, कुठवर गेला, कुणासाठी थांबला. एवढं सांगा आन् खाली बसा. बाकी समदी हवा."

ही हवा त्यांना सहन होत नाही. वक्ता 'कधीही भरून न येणारी पोकळी' म्हणाला की तात्या शेजारच्याला ऐकू जाईल इतपत म्हणतात, "झाली गाडी लेट." 'अजातशत्रू' म्हटलं की विचारतात, "मग बांधावरनं डोकी कुणी फोडली हुती?" आणि वक्ता अगदीच भरकटला, गेलेल्या माणसाला सोडून स्वतःच्या कार्याबद्दल बोलायला लागला, की ते सावकाश उठतात, घसा साफ करतात आणि स्टँडवरच्या जुन्या आवाजात जाहीर करतात, "फलाट चुकला!"

त्यांच्या आवाजाला माइक लागत नाही.

एकदा आमच्या निमगाव केतकीतच ही घोषणा शब्दशः खरी ठरली. दोन भाऊ होते. धाकटे गेले होते. श्रद्धांजलीला पोपटराव उभे राहिले. पोपटराव म्हणजे आमच्या भागातले मोठे वक्ते. वाढदिवस, उद्घाटन, दहावा, कशालाही चालतात. त्या दिवशी त्यांना तीन ठिकाणी जायचं होतं. त्या घाईत त्यांनी थोरल्या भावालाच श्रद्धांजली वाहिली. नाव थोरल्याचं, विहीर थोरल्यानं खणलेली, बैल थोरल्याचे. थोरले भाऊ समोरच सतरंजीवर डोकं भादरून बसलेले. लोक एकमेकांकडे बघायला लागले. तात्यांनी "फलाट चुकला!" म्हटलं. पोपटराव गप्प झाले. तेव्हा थोरले भाऊच हात वर करून म्हणाले, "आरं बोलू दे की त्येला. जित्तेपणी कोण बोलतंय एवढं चांगलं?"

पोपटरावांनी उरलेलं भाषण पुरं केलं, असं सांगतात. मी तेव्हा लहान होते आणि हसू दाबायला मंडपाच्या मागे गेले होते.

आता अशा माणसाला लोक काही ना काही म्हणणारच. तात्यांच्या वाट्याला दोन शब्द आले. पहिला शब्द एका निवृत्त गुरुजींनी दिला. एका बाईच्या दहाव्याला गुरुजी बराच वेळ मातृत्व, त्याग आणि संस्कृती यांवर बोलले. उतरल्यावर तात्यांनी त्यांना चहा हातात देत विचारलं, "गुर्जी, बाईंचं नाव एकदाच आलं, तेबी पत्रिका बघून. त्यांच्या हातचं कधी खाल्लंवतं का?" गुरुजींचा चहा सांडला. ते म्हणाले, "तुम्ही छिद्रान्वेषी आहात!"

तात्यांनी त्यांना हात जोडले आणि घरी आल्या आल्या मला विचारलं, "मॅडम, छिद्रान्वेषी म्हंजी काय?" इंग्लिश मीडियममध्ये गेल्यापासून ते मला मॅडम म्हणतात. मी तेव्हा आठवीत होते. मला अर्थ माहीत नव्हता. हा शब्द एखाद्या औषधाचं नाव वाटला होता. दुसऱ्या दिवशी मराठीच्या बाईंना विचारलं. त्यांनी फोड करून सांगितली: छिद्र म्हणजे भोक, अन्वेषण म्हणजे शोध. दुसऱ्याची भोकं शोधत फिरणारा, असा टीकाकार.

तात्यांना अपमान वाटेल म्हणून मी घाबरत घाबरत सांगितलं. तात्या खूश झाले.

"म्हंजी भोकं हुडकणारा! आरं, हे तर पद हाय. पाटबंधारे खात्यात पायजे असा माणूस."

पुढे काही दिवस ते फोन उचलला की "छिद्रान्वेषी बोलतोय" म्हणायचे. पलीकडून फोन ठेवला जायचा.

दुसरा शब्द गावचा होता आणि तो पाठीमागे वापरला जायचा. 'खुसपट्या तात्या.' तो मला शाळेच्या रिक्षात ऐकू आला. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटण्याआधी त्याचा अर्थ कळायला हवा म्हणून मी काकूला विचारलं. काकू अंगणात बाजरी निवडत बसली होती. ती रागावली नाही. सुपातून बोटाच्या चिमटीत काहीतरी उचलून तिनं माझ्या तळहातावर ठेवलं. कणसाची वाळलेली, बारीक काडी होती. फुंकर मारली असती तर उडाली असती.

"हे खुसपट," काकू म्हणाली. "दिसाया काय न्हाय. पण भाकरीत आलं की घास गोड लागू देत न्हाय."

"मग तात्यांना असं का म्हणतात?"

"त्येंच्या डोळ्याला दुसरं काय दिसतच न्हाय म्हणून. समदं सूप भरून बाजरी असू दे, ह्यांचा हात जाणार काडीवर."

मी ती काडी हातात धरून बसले. मग काकूच म्हणाली, "पण एक सांगू का पोरी? जे दळायचंय, तेच माणूस निवडतंय. म्हशीपुढं टाकायचं असलं तर कोण बसतंय खुसपटं काढत?"

शाळेच्या लायब्ररीत एक जाड मराठी कोश होता. तो मीच काय ती उघडत असे. त्यात खुसपटाचा अर्थ काडी, कस्पट, आणि पुढे बारीकसा दोष, असा दिला होता. काकूचं म्हशीचं वाक्य त्यात नव्हतं. मला वाटतं, त्या शब्दाचा खरा उगम तिथंच असावा. सूप घेऊन बसलेल्या कुणातरी बाईला आपल्या नवऱ्याचा किंवा सासूचा स्वभाव आठवला असेल आणि हातातल्या काडीवरून शब्द तिच्या तोंडी आला असेल. गुरुजींच्या शब्दातला माणूस भिंतीला डोळा लावून उभा असतो. काकूच्या शब्दातला माणूस मांडी घालून बसलेला असतो आणि त्याला संध्याकाळी कुणालातरी जेवायला घालायचं असतं. मला दुसरा माणूस ओळखीचा वाटला.

कारण तात्यांचं दुसरं रूपही मी पाहिलं होतं. डाळजला एका शेतकऱ्याच्या दहाव्याला मोठमोठी भाषणं झाली आणि शेवटी त्यांच्याकडे कामाला असलेली एक म्हातारी बाई आपणहून उठली. तिला माइक धरता येईना. ती म्हणाली, "मालक कधी गोड बोलले न्हाईत. पण माझ्या लेकीला ताप आला, तवा बैलगाडीत गादी टाकली हुती त्येंनी." आणि बसली. तात्या उठून उभे राहिले. मला वाटलं, आता काही बोलणार. ते नुसते उभे राहिले, राष्ट्रगीताला राहतात तसे. मग हळूहळू मागची माणसं उभी राहिली. परत येताना गाडीत ते म्हणाले, "ह्येला म्हंत्यात भाषण. गादी दिसली का न्हाय तुला?"

मला दिसली होती.

त्या दिवसापासून मला तात्यांचा जो अभिमान वाटतो, तो मी कधी कुणाला सांगितला नाही. आमच्या भागातली भाषणं त्यांच्यामुळे सुधारली आहेत, हे मात्र सगळे मान्य करतात. इंदापूर-भिगवणकडचे वक्ते आधी फोन करून विचारतात, "तात्या येणार हाईत का?" येणार असले तर घरच्यांकडून दोन खऱ्या गोष्टी विचारून घेतात. येणार नसले तर पोकळी वगैरे चालवून नेतात. एका माणसाच्या धाकानं एवढ्या मेलेल्या माणसांना निदान स्वतःचं नाव आणि स्वतःची विहीर मिळाली, ही काही लहान गोष्ट नाही.

मला मात्र त्यांनी कधी काही म्हटलं नाही. मी चारचौघांत बोलतच नव्हते, तर खुसपट कशातून काढणार? पाहुण्यांसमोर मी आत पळाले की ते म्हणायचे, "मॅडमची गाडी अजून डेपोतच हाय." काकू म्हणायची, "असू द्या. डिझेल वाचतंय."

काकू गेली ती पौषातल्या एका सकाळी, चहाचं आधण ठेवून. आजारी वगैरे नव्हती. ओट्याजवळच बसली आणि उठली नाही.

त्यानंतरचे दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. येणारा प्रत्येक जण तात्यांचा हात धरून काहीतरी म्हणत होता. एका गृहस्थांनी तर त्यांच्या तोंडावर सांगितलं, "तात्या, कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली." मी पाणी घेऊन उभी होते, मला वाटलं, आता झाली गाडी लेट. तात्या त्यांच्याकडे बघून म्हणाले, "व्हय."

मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

दहावा कऱ्हेकाठी झाला. एवढी गर्दी मी कुठल्या पुढाऱ्याच्या दहाव्यालाही पाहिली नव्हती. तात्यांनी ज्यांच्या ज्यांच्या भाषणातून खुसपट काढलं होतं ते सगळे आले होते. गुरुजी काठी टेकत आले होते. पोपटराव पहिल्या रांगेत होते. तात्या मात्र या वेळी कर्ण्याजवळ नव्हते. विधीच्या जागेजवळ, सतरंजीवर, खांद्यावर उपरणं घेऊन बसले होते आणि त्यांच्या समोर माइक होता.

प्रवचन संपलं. सूत्रसंचालन करणारे अण्णा माइकवर आले आणि म्हणाले, "आता श्रद्धांजली. आदरणीय पोपटराव."

पोपटराव उठले. तात्यांकडे त्यांची नजर गेली. त्यांनी घशाला हात लावला. "माझा घसा बसलाय," ते अगदी स्वच्छ आवाजात म्हणाले आणि बसले.

गुरुजींचं नाव घेतलं. गुरुजी म्हणाले, "माझ्या भावना शब्दांपलीकडच्या आहेत." डाळजचे सरपंच म्हणाले, "आमी मनातल्या मनात वाहिली." अण्णांनी आणखी दोन-तीन नावं घेतली. ज्याचं नाव घेतलं तो हात जोडायचा आणि शेजाऱ्याकडे बघायचा. शेवटी अण्णा म्हणाले, "ज्यांना इच्छा असेल त्यांनी पुढे यावं." कुणी हललं नाही. एवढ्या मोठ्या जमावात फक्त कर्ण्याची घरघर ऐकू येत होती. एरवी मला याचं हसू आलं असतं. आमच्या भागात माइक मोकळा आहे आणि कुणी त्याच्याकडे जात नाही, हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

तात्या इकडेतिकडे बघायला लागले. मग जमिनीला हात टेकून उठले.

"बोला की रं," ते म्हणाले. "आज मी कायसुदिक म्हणणार न्हाय."

त्यानं लोक आणखीच घाबरले.

"पोपटराव, तुमी तर कुणावरबी बोलता. बोला. कायबी बोला. पोकळी म्हणा. चालंल." त्यांचा आवाज स्टँडवरचा राहिला नव्हता. "एवढी माणसं जेवली तिच्या हातची. आन् तिच्याबद्दल एक शबूद न्हाय? ती काय आली आन् गेली नुसती?"

मी बायकांमध्ये मागे बसले होते. कशी उठले ते मला आठवत नाही. वाटेत एका बाईच्या साडीवर पाय पडला आणि मी इंग्रजीत 'सॉरी' म्हटलं, ते आठवतं. अण्णांनी माइक माझ्या उंचीला खाली केला. मी तात्यांकडे बघितलं नाही. नदीपलीकडच्या बाभळींकडे बघून बोलले.

मी म्हणाले, "मला बोलता येत नाही. मी लहान असताना, शाळेची रिक्षा लावायच्या आधी, शाळा सुटली की काकू मला न्यायला यायची. घरी जायला जवळचा रस्ता होता, पण ती मला स्टँडवरून न्यायची. आम्हाला कुठं जायचं नसायचं. आम्ही बाकावर बसायचो. इंदापूर गाडी लागल्याचं तात्या सांगायचे. मग भिगवणची. काकू डोळे मिटून ऐकायची. दोन गाड्या झाल्या की म्हणायची, 'चल. आवाज बरा हाय, म्हंजी जेवलेत.' आवाज खाली गेलेला असला की तिला कळायचं की डबा तसाच आहे. मग ती पिशवीतला लाडू कागदात बांधून हमालाबरोबर आत पाठवायची. 'कुणी दिला ते सांगू नको' म्हणायची. मलाही सांगायची, 'तात्यांना बोलू नको. लगेच खुसपट काढतील.' म्हणून मी कधी बोलले नाही."

लोक हसले. मग हसू थांबलं. "एवढंच," असं म्हणून मी माइक सोडला.

मी जागेवर पोहोचायच्या आत आमची भाजीवाली उठली होती. माइकपर्यंत न जाता तिथूनच ओरडून म्हणाली, "माझ्या मेथीतलं गवात निवडून मलाच वापस द्यायच्या! म्हणायच्या, हे तुझं हाय, मोजून घे." तिच्यामागून शेजारच्या जाधव काकू. मग जुना दूधवाला. मग पोपटरावांचा घसा मोकळा झाला. ते म्हणाले, "थोरल्या भावावर बोललो त्या दिवशी मला लय लाज वाटली हुती, तर वहिनींनी मला मागं नेऊन पोटभर जेवाया घातलं." आणि बसले. पोपटरावांचं एका वाक्यात संपलेलं भाषण तोपर्यंत कुणी ऐकलेलं नव्हतं. गुरुजी बोलले. काकूचं नाव त्यांनी कागद न बघता घेतलं. मला वाटतं, कऱ्हेकाठी इतकी चांगली भाषणं कधी झाली नसतील. आणि ती ज्यांच्यामुळे झाली ते उपरण्यात हात घालून खाली बघत बसले होते. एकाही भाषणाला त्यांनी मान वर केली नाही.

सगळं उरकल्यावर मी टाकीच्या नळावर हात धूत होते. तात्या शेजारी येऊन उभे राहिले. मी सवयीनं बाजूला सरकले. त्यांनीही नळाखाली हात धरले.

"कुठल्या बाकावर?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"बसायची कुठल्या बाकावर?"

"रसवंतीच्या बाजूच्या," मी म्हणाले. "भिंतीला लागून होता तो."

पाणी त्यांच्या हातांवरून वाहत होतं.

"त्या अंगाचा कर्णा फुटका हुता," ते म्हणाले. "नुसता चिरका आवाज यायचा तिकडं. मी कितीदा सांगितलं हुतं वर, बदला म्हणून. कॅबिनसमोर चांगला बाक हुता. सावली हुती. ते सोडून तिकडं कशापायी..."

मी नळ बंद केला. ते हात तसेच पुढे धरून उभे होते.

"मला ठावं असतं," ते म्हणाले, "तर मी तिकडं तोंड करून बोललो असतो."